काटा शून्यावर आला म्हणून टाकी उघडू नका

नाशिकमध्ये जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला मोबाइलवरून पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: पेट्रोलचा काटा शून्यावर पडला की टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणारा भाग) गेला, खात्री करायची तर फ्लोटची वायर काढून गाडीच्या बॉडीला टेकवावी, काटा ‘फुल्ल’कडे गेला की निदान पक्के, मग मिळेल त्या गाडीचा फ्लोट आणून घरीच बसवावा, कारण टाकी रिकामी केली की धोका उरत नाही, आणि या बिघाडाचे मूळ इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये आहे. यातले बरेचसे अपुरे आहे, परंतु रिकाम्या टाकीविषयीचे वाक्य जीवघेणे असल्यामुळे या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

काटा शून्यावर आला म्हणजे फ्लोटच गेला, हे पहिले विधान टिकत नाही. फ्लोटच्या दांड्याला जोडलेला संपर्क एका रोधावर, म्हणजे विजेचा प्रवाह अडवणाऱ्या पट्टीवर, सरकतो, टाकीतील पातळीप्रमाणे तो रोध बदलतो आणि त्यानुसार काटा हलतो. या मार्गात फ्यूज, मीटर, डॅशबोर्डापासून मागच्या टाकीपर्यंतची वायर, कनेक्टर, फ्लोट आणि फ्लोटचे अर्थिंग (बॉडीमार्गे बॅटरीकडे परतणारी जोडणी) असे अनेक टप्पे आहेत आणि त्यांपैकी कोणताही एक तुटला तरी काटा खोटे सांगू लागतो. तापणाऱ्या पट्टीवर चालणाऱ्या अनेक जुन्या मीटरांत पेट्रोलचा आणि इंजिनच्या तापमानाचा असे दोन्ही काटे विजेचा दाब स्थिर ठेवणाऱ्या एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर अवलंबून असतात. म्हणून तापमानाचा काटाही त्याच वेळी बिघडला असेल, तर संशय आधी स्टॅबिलायझरवर आणि त्याच्या अर्थिंगवर घ्यायला हवा. काटा कसाऱ्याच्या घाटात वरखाली होत असेल आणि सपाट रस्त्यावर जागेवर येत असेल, तर तो बिघाडही नव्हे. चढ-उतारावर टाकीतले पेट्रोल एका बाजूला सरकते, इतकेच.

वायर बॉडीला टेकवण्याच्या चाचणीत तथ्य आहे, पण तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष चुकतो. ज्या गाड्यांत टाकी भरलेली असताना रोध कमी असतो, त्यांत वायर बॉडीला जोडल्यावर काटा वर जातो आणि मीटर व वायर शाबूत असल्याचे कळते. मात्र त्या क्षणी आपण फ्लोट आणि त्याचे स्वतःचे अर्थिंग, दोन्ही वगळून बॉडीचा वेगळाच मार्ग वापरलेला असतो, त्यामुळे दोष या दोघांपैकी कशात आहे हे चाचणी सांगू शकत नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात वर्षानुवर्षे फिरलेल्या गाडीत टाकीजवळच्या अर्थिंगच्या स्क्रूखाली गंज साचणे हे अगदी नेहमीचे कारण आहे, आणि ते घासून साफ करण्याला काहीच खर्च येत नाही. शिवाय काही गाड्यांत रोधाची दिशा उलटी असते, तिथे हीच चाचणी नेमका उलटा निकाल देते. चाचणी करायचीच असेल तर चावी बंद ठेवून वायर घट्ट जोडावी आणि मगच चावी फिरवावी, म्हणजे टाकीजवळ ठिणगी पडणार नाही. आणि मीटर जळू नये म्हणून काटा हलताच चावी बंद करावी.

याहून खात्रीची तपासणी रोध मोजणाऱ्या साध्या मल्टीमीटरने, टाकी न उघडता होते. चावी बंद करून कनेक्टर सोडवावा, फ्लोटच्या टोकापासून अर्थिंगपर्यंतचा रोध मोजावा, मग पाचेक लिटर पेट्रोल भरून पुन्हा मोजावा. आकडा बदलला आणि तो त्या गाडीच्या मापाशी जुळला, तर फ्लोट चांगला आहे. आकडा मुळीच बदलला नाही किंवा मार्ग तुटलेला दिसला, तर टाकीची बॉडी आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यातील रोध पाहावा. तो एक ओहमच्या (ओहम हे रोधाचे एकक) आसपास किंवा त्याहून कमी असेल, तर फ्लोटला दोष देण्यास आधार मिळतो. फ्लोट खरोखर खराब होतोच: पितळी फ्लोटला बारीक छिद्र पडून त्यात पेट्रोल शिरते आणि तो बुडतो, किंवा रोधाची पट्टी झिजून एखाद्या ठरावीक पातळीवर काटा अचानक पडतो.

कोणत्याही गाडीचा फ्लोट चालतो, हे विधान तर सरळ चूक आहे. अमेरिकी पद्धतीच्या एका प्रचलित मापात रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम असतात, तर युरोपीय पद्धतीच्या एका मापात रिकामीला १० आणि भरलेलीला १८० ओहम. मापे एकमेकांशी न जुळणारा फ्लोट बसवला की काटा हलेल, पण खोटे सांगेल, आणि हा दोष मूळ बिघाडापेक्षा वाईट, कारण तो विश्वास ठेवण्यासारखा दिसतो. दांड्याची लांबी आणि टाकीची खोलीही जुळावी लागते.

इथेनॉलचे प्रमाण २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांपर्यंत नेले गेले आणि जुन्या रबरी भागांना त्याचा त्रास होऊ शकतो, हे मान्य. परंतु त्यावरून एका विशिष्ट गाडीतल्या गंजलेल्या स्क्रूचे निदान होत नाही.

आता रिकाम्या टाकीविषयी. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपासही पेटू शकते, आणि हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले की ठिणगी पुरेशी होते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की ती सहसा पेटत नाही. रिकामी करून उघडलेल्या टाकीत हवा शिरते आणि मिश्रण नेमके धोक्याच्या मर्यादेत येते. वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बंद पार्किंगमध्ये जमिनीलगत साचते आणि दूरच्या दिव्याच्या बटणाच्या ठिणगीपर्यंतही पोहोचू शकते. म्हणून हे काम सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या अनुभवी गॅरेजमध्ये, मोकळ्या हवेत करून घ्यावे, आधी बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढून ठेवायला सांगावे, फ्लोटला टाकीवर घट्ट धरणारी कडी लोखंडी छिन्नीने ठोकू देऊ नये, नवे सील बसवायला लावावे आणि पेट्रोल ओतल्यावर वास किंवा ओल नसल्याची खात्री झाल्यावरच बॅटरी जोडू द्यावी.