फ्रिज भंगारात गेला म्हणजे त्याची विल्हेवाट लागली, असे नाही

‘जुना फ्रिज, टीव्ही किंवा एसी भंगारवाल्याला दिला की त्याचा एक स्क्रूही वाया जात नाही; मग ई-कचऱ्याचे नियम हवेत कशाला, तो तर कंपन्यांचाच धंदा’, अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्यातले एकेक विधान तपासून पाहू.

‘काहीच वाया जात नाही.’ ज्याला बाजारात भाव आहे ते वाया जात नाही, इतकेच खरे आहे. पत्रा, ॲल्युमिनियम, कॉम्प्रेसरमधली तांब्याची वायंडिंग हे सारे भंगारवाला आपल्या कारखान्यांपेक्षाही निगुतीने वेगळे करतो. पण कॉम्प्रेसर काढण्यासाठी तो तांब्याची नळी पकडीने तोडतो, क्षणभर फुसकारा येतो आणि आतला वायू हवेत जातो, कारण त्या वायूचे त्याला कोणी पैसे देत नाही. जुन्या फ्रिजमधला आर-12 हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून अधिक तापमानवाढ करतो आणि शिवाय ओझोनचा थर विरळ करतो. म्हणजे असा 100 ग्रॅम वायू सुटला, तर एक टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले. त्या पिढीच्या फ्रिजमध्ये याहून जास्त वायू भिंतींतल्या फोममध्ये असतो, कारण तो फोम सीएफसी-11 हा वायू वापरून फुगवलेला असे. फोम उकिरड्यावर पडला की वायू वर्षानुवर्षे झिरपत राहतो. शिवाय कॉम्प्रेसरमधले तेल बहुधा तिथेच जमिनीवर ओतले जाते.

‘आता सगळ्या फ्रिजमध्ये निरुपद्रवी गॅस असतो.’ नव्या घरगुती फ्रिजमधला आर-600ए हा वायू हवामानाच्या दृष्टीने खरोखरच सौम्य आहे, मात्र तो ज्वलनशील असल्याने बंद खोलीत ठिणगी उडवत नळी कापणे धोक्याचे ठरते. दुसरे असे की आज भंगारात निघते ते दहा-पंधरा वर्षांपूर्वी विकत घेतलेले, आणि त्या काळातल्या असंख्य एसींमध्ये आर-22 हा वायू आहे, ज्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,810 पट आहे.

‘टीव्हीत काय, नुसती काच.’ जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत शिसे असते. मानेवरचे तांब्याचे कॉइल काढून घेतले की उरलेली काच कोणालाच नको असते.

‘नियम कंपन्यांच्या फायद्याचे आहेत.’ 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनी पुनर्प्रक्रियेचे उद्दिष्ट उत्पादकांवर टाकले असून ते 60 टक्क्यांपासून सुरू होऊन 2027-28 पासून 80 टक्क्यांवर जाते. उत्पादकांनी पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना किलोमागे किमान 22 रुपये देण्याची अट आली, तेव्हा तिच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या त्या मोठ्या उपकरण कंपन्याच. फायद्याची तरतूद कोर्टात नेऊन रद्द करून घेण्याचा खटाटोप कोण करील?

नियमांवर टीका करायचीच असेल, तर ती वेगळ्या जागी करावी. उद्दिष्ट पूर्ण केल्याचे दाखवण्यासाठी उत्पादकांना लागणारी प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या धातूंच्या हिशेबाने मिळतात, म्हणजे भंगारवाला ज्याच्या मागे असतो त्याचीच मोजदाद सरकारही करते. शीतकांच्या, म्हणजे फ्रिज-एसीतल्या थंडावा देणाऱ्या वायूंच्या, सुरक्षित हाताळणीची तरतूद 2023 च्या दुरुस्तीने आली खरी, पण वायू पकडण्याला प्रमाणपत्र मिळत नाही तोवर तो पकडण्याची घाई कोणाला असणार नाही.

‘यात भंगारवाल्याच्या पोटावर पाय येतो.’ ही शंका रास्त आहे. परंतु ई-कचरा सुटा करणाऱ्या कामगारांना ओळख देणे, त्यांची नोंदणी करणे, त्यांना प्रशिक्षण देणे आणि त्यांच्या आरोग्याची काळजी घेणे ही राज्य सरकारांची जबाबदारी असल्याचे हेच नियम सांगतात. दारोदार फिरून वस्तू गोळा करण्याचे काम भंगारवाल्याइतके चांगले कोणालाही जमणार नाही. ते त्याच्याकडेच राहावे, फक्त फ्रिज उघडण्याचे काम वायू खेचून घेणारे यंत्र असलेल्या केंद्रात व्हावे, आणि तिथपर्यंत फ्रिज अखंड पोहोचवल्याबद्दल त्याला तांब्याच्या भावाहून अधिक पैसे मिळावेत.