‘अर्ध्या चाचण्या पुसून टाका’ या प्रतिक्रियेस उत्तर

सविनय नमस्कार.

आभासी संगणक चालवणाऱ्या क्यूईएमयू या सॉफ्टवेअरमधील उपकरण-हाताळणीच्या चाचण्यांवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे की, ‘गेस्टशिवाय चालणाऱ्या चाचण्या म्हणजे स्वतःच प्रश्नपत्रिका काढून स्वतःलाच गुण देणे, अर्ध्या पुसून टाका आणि एकदा खरे लिनक्स बूट करून पाहा.’ (गेस्ट म्हणजे आभासी संगणकात चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम.) शिवाय लेख लांबला, सीआयला (प्रत्येक बदलानंतर आपोआप चाचण्या चालवणाऱ्या व्यवस्थेला) वेळ लागतो आणि व्हीएफआयओचा (खरे उपकरण थेट गेस्टच्या हाती देण्याच्या सोयीचा) उल्लेखच नाही, अशाही तक्रारी आहेत. मतभेदाला माझी हरकत नाही. मात्र ‘एकदा पाहा’ हा उपदेश आपण कोणाला करत आहात, याची थोडी चौकशी केली असती तर बरे झाले असते. असा चाचणी-संच मी वर्षानुवर्षे सांभाळत आलो आहे आणि गेस्ट बूट करणाऱ्या चाचण्याही त्यातच आहेत.

एक गोष्ट मान्य करतो. क्यूएमपीचे (क्यूईएमयूला बाहेरून आदेश देण्याच्या संवाद-पद्धतीचे) उत्तर अक्षरन्‌अक्षर जुळवून पाहणाऱ्या चाचण्या क्षुल्लक बदलानेही मोडतात. त्या जरूर कमी कराव्यात.

आता ‘स्वतःलाच गुण देणे’ या वाक्याविषयी. क्यूईएमयूच्या क्यूटेस्ट या चाचणी-पद्धतीमध्ये गेस्टचा सीपीयू एकही सूचना चालवत नाही. चाचणीच सॉकेटवरून पोर्ट आणि मेमरी वाचते-लिहिते आणि आभासी घड्याळही स्वतः पुढे सरकवते. आपण ज्याला उणीव म्हणता, त्यातच या पद्धतीचा उपयोग आहे. क्यूईएमयूमधील २०१५ साली उघडकीस आलेला ‘व्हेनम’ हा सुरक्षा-दोष (नोंद क्रमांक सीव्हीई-२०१५-३४५६) आठवून पाहा. फ्लॉपी कंट्रोलरचा ५१२ बाइटांचा बफर, आणि काही विशिष्ट आदेशांनंतर त्याचा निर्देशांक (पुढचा बाइट कुठे जाणार ते सांगणारा आकडा) शून्यावर न आणणारा, २००४ पासून तसाच राहिलेला कोड. लिनक्सचा सभ्य ड्रायव्हर असे आदेश अर्धवट देऊन पुढे बाइट कोंबत बसत नाही, त्यामुळे आपले ‘खरे लिनक्स’ हजार वेळा बूट केले असते तरी निकाल हिरवाच आला असता. फ्लॉपी कंट्रोलरच्या ०x३एफ५ या पोर्टवर हवे ते बाइट हव्या त्या क्रमाने लिहिणारी चाचणीच अशा जागी पोहोचू शकते.

चालू आभासी संगणकातून उपकरण काढण्याचेही तसेच आहे. पीसीआय जोडणीवरच्या उपकरणासाठी ‘डिव्हाइस_डेल’ हा काढण्याचा आदेश यशस्वी परतला म्हणजे केवळ विनंती पोहोचली. गेस्टने संमती दिल्यावर उपकरण खरोखर जाते आणि तेव्हाच ‘डिव्हाइस_डिलीटेड’ ही घटना येते. त्या घटनेची वाट न पाहता मध्ये एक सेकंदाची झोप घालून त्याच आयडीने ‘डिव्हाइस_अ‍ॅड’ (उपकरण जोडण्याचा आदेश) करणारी चाचणी एका सहकाऱ्याने मोठ्या अभिमानाने आणली होती. सर्व्हरवर भार नसताना ती उत्तीर्ण होई. भार वाढला की गेस्ट रेंगाळे आणि आयडी आधीच वापरात असल्याची त्रुटी येई. ती चाचणी, बरे का, खरे लिनक्स बूट करणारी होती! क्यूटेस्टमध्ये संमती द्यायला कोणी नसते, म्हणून आम्ही सिस्टम रीसेट करतो, त्यात प्रलंबित काढणी पूर्ण होते आणि मग घटनेची खात्री करतो. गेस्टमधील एसीपीआय (उपकरण काढण्याची विनंती गेस्टपर्यंत पोहोचवणारी व्यवस्था) हाताळणी यातून तपासली जात नाही, हे मला आपण शिकवण्याची गरज नाही. त्यासाठीच तर बूट करणाऱ्या, संख्येने थोड्या चाचण्या वेगळ्या ठेवल्या आहेत.

व्हीएफआयओला प्रत्यक्ष हार्डवेअर लागते, तो या लेखाचा विषय नव्हता. सीआयच्या वेळेबद्दल म्हणाल, तर तो बहुतांशी बूट होण्यातच जातो. आपण सुचवलेला उपाय तो वाढवणारा आहे. लेखाच्या लांबीबद्दल काय बोलावे? ज्यांना चाचण्याच अर्ध्या हव्यात, त्यांना लेखही अर्धाच पुरला असेल.

नेमक्या कोणत्या चाचण्या पुसाव्यात, त्यांची नावे कळवावीत. प्रत्येकीवर स्वतंत्रपणे बोलू.