देणगी प्रवेशिका गळ्यात मारू नका!

मदतनिधीसाठी नाटकाचा प्रयोग लावायचा ठरलं की आपल्याकडे पहिली बैठक होते ती व्यासपीठावर कोण कोण बसणार यावर. नाटक कुठलं, हा विषय चहा संपता संपता निघतो. मग देणगी प्रवेशिकांची पुस्तकं वाटली जातात आणि कार्यकर्ते ती मेहुण्याच्या, शेजाऱ्याच्या, किराणावाल्याच्या गळ्यात मारतात. कागदावर हाउसफुल्ल, बाल्कनीत मात्र शुकशुकाट. "पैसे जमले ना, मग झालं!" मला हे अजिबात पटत नाही. भिडेखातर दोन तिकिटं घेतलेला माणूस पुढच्या वर्षी तुमचा फोन उचलत नाही.

लोक नाटक बघायच्या ओढीने आले पाहिजेत. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देता यावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, तेव्हा डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा अशा मंडळींनी त्यासाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. काम एवढं गंभीर, पण नाटक निवडलं अत्र्यांचं, पोट धरून हसवणारं! अनाथाश्रमासाठी निधी हवा म्हणून रडकंच नाटक लावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आता हिशोब. समजा, नाट्यगृह ८०० खुर्च्यांचं आणि प्रवेशिका ५०० रुपयांची. सगळी खपली तर चार लाख. त्यातून नाट्यसंस्थेला द्यायची कंत्राटी प्रयोगाची रक्कम, नाट्यगृहाचं भाडं, छपाई वजा केली की संस्थेच्या हाती काय उरतं? म्हणून हा खर्च आधी प्रायोजक आणि स्मरणिकेच्या जाहिरातींतून निघायला हवा. (स्मरणिका कुणी वाचत नाही, पण आपल्या दुकानाची जाहिरात जो तो शोधतोच.) तो निघत नसेल तर प्रयोग लावूच नये, सरळ देणग्या मागाव्यात. निघाला, तर "तुमचे ५०० रुपये पूर्ण संस्थेला जाणार" असं छातीठोकपणे सांगता येतं, आणि तिकीट खपायला ते वाक्य पुरतं.

कागदपत्रांचा कंटाळा नको. नोंदणीकृत न्यास नसाल तर वर्गणी गोळा करण्याआधी सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढा. गणेश मंडळांना हे पाठ असतं. प्रवेशिकेवर '८० जी सवलत' (म्हणजे देणगीदाराला आयकरात मिळणारी सूट) छापण्यापूर्वी सीएला विचारा. खुर्चीच्या बदल्यात घेतलेले पैसे आणि देणगी एकच नव्हेत. शिवाय २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही.

आणि ते सत्कार! शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, 'दोन शब्द' म्हणत अर्धा तास. प्रेक्षकांनी तिकीट काढलंय हो! तिसरी घंटा वेळेवर द्या. मध्यंतरानंतर पडदा उघडण्याआधी संस्थेत रोज राबणाऱ्या एखाद्या ताईंना पाच मिनिटं द्या आणि जमलेला आकडा तिथेच जाहीर करा. मध्यंतरातले वडे-कॉफी बचत गटाकडे देता आले तर उत्तमच, फक्त कँटीनवाल्याशी आधी बोलून घ्या, नाहीतर ऐनवेळी भांडण ठरलेलं.

आम्हालाही वाचनालयाच्या अभ्यासिकेसाठी यंदा असा प्रयोग लावायचा आहे. डिसेंबरातली रविवार दुपारची नाट्यगृहाची तारीख कुणी सोडणार असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. नाटक विनोदीच हवं.