मिठाच्या आकृतीतला चौकटी कंस का हवा?

नमस्कार सर. इलेक्ट्रॉन-ठिपका आकृतीबद्दल (हिच्यात प्रत्येक ठिपका म्हणजे अणूच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेतला एक इलेक्ट्रॉन) तुम्ही लिहिलंत, 'सोडियम आणि क्लोरीनच्या मधे दोन ठिपके दिले की क्लोरीनचं अष्टक (बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होतं. कंस, अधिक-उणे हा खटाटोप कशाला? मुलं उगाच गोंधळतात.'

मला हे पटत नाही. मधे काढलेली जोडी म्हणजे दोन अणूंची इलेक्ट्रॉनांत भागीदारी, आणि मिठात भागीदारी नाहीच. सोडियमच्या कक्षांमधल्या 2, 8, 1 इलेक्ट्रॉनांपैकी शेवटचा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेलेला असतो. म्हणून सोडियमच्या चिन्हाभोवती एकही ठिपका नाही, नुसतं वर अधिक. क्लोरीनभोवती आठ ठिपके, त्यांना चौकटी कंस आणि कंसाबाहेर वर उणे. शिरोड्याच्या मिठागरातला खडा घ्या. त्यात प्रत्येक सोडियम आयनाला (म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूला) सहा क्लोराइड आयन घेरून असतात, प्रत्येक क्लोराइडला सहा सोडियम. यात कोण कोणाचा भागीदार? मधे जोडी काढायची सवय लागलेलं मूल मिठाचा सुटा रेणू असतो असं धरून चालतं. मग मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस का लागतात आणि वितळलेल्या मिठातून वीज का वाहते, हे त्याला सांगता येत नाही.

मुलं खरी अडखळतात ती मॅग्नेशियम क्लोराइडला. मीठ काढल्यावर मिठागरात जे कडवट पाणी उरतं, त्यात हे भरपूर असतं. पावसाळ्यात आपल्याकडे जाड्या मिठाच्या बरणीत पाणी सुटतं तेही मुख्यतः याच्यामुळे. इथे दोन्ही क्लोरीन एकाच कंसात कोंबून वर दोन उणे लिहिलेले मी वह्यांमध्ये नेहमी बघतो. ते दोघे एकमेकांना बांधलेले नाहीत! मधे मॅग्नेशियम, वर दोन अधिक. दोन्ही बाजूंना स्वतंत्र कंस, प्रत्येकाला एकेक उणे. ठिपके मोजून घ्यावेत: आधी 2, 7 आणि 7, नंतर 8 आणि 8. सोळाचे सोळाच.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लुइस यांनी सामायिक जोडीची कल्पना 1916 साली मांडली आणि त्याच वर्षी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कोसेल यांनी इलेक्ट्रॉनच्या देवघेवीची. कंसामुळे या दोन्ही गोष्टी एकाच आकृतीत नांदू शकतात. तिसऱ्यांची (खाण्याच्या शिंपल्यांची) शिंपली बघा, ती बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटची. कंसाच्या आत कार्बन आणि तीन ऑक्सिजन, 24 ठिपके, त्यांच्यात भागीदारी. कंसावर दोन उणे. बाहेर कॅल्शियम, दोन अधिक, एकटा.

कंस न वापरता ही आकृती तुम्ही कशी काढाल? काढून जरूर पाठवा, मला खरंच बघायची आहे.