कॉस्टेलो स्पॅनिश नव्हेत: आरमाराच्या चार शतकं आधीचं आयरिश आडनाव

पश्चिम आयर्लंडमधल्या कॉस्टेलो आडनावाबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. थोडक्यात तो असा: कॉस्टेलो म्हणजे स्पॅनिश 'कास्तिल्यो'. १५८८ साली इंग्लंडवर चालून गेलेलं स्पॅनिश आरमार वादळात सापडलं, त्यातली जहाजं मेयो आणि गॉलवेच्या किनाऱ्यावर फुटली, वाचलेल्या खलाशांनी तिथेच संसार थाटले आणि त्यांचं आडनाव आयरिश जिभेवर कॉस्टेलो झालं. पुरावे म्हणून तीन गोष्टी जोडलेल्या असतात. कॉनेमारात कॉस्टेलो नावाचं गाव आहे, तिकडच्या लोकांचे केस काळे असतात, आणि कॉस्टेलोंच्या डीएनए चाचण्यांत 'आयबेरिया'चे टक्के येतात. एकेक पाहू.

'कॉस्टेलो हा कास्तिल्योचा अपभ्रंश'

या आडनावाचं जुनं आयरिश रूप 'मॅक ऑस्देल्वी' असं आहे, म्हणजे ऑस्देल्वचा मुलगा किंवा वंशज. मूळ नाव स्वरापासून सुरू होतं, त्यात 'क' नाहीच. 'मॅक'मधला शेवटचा 'क' पुढच्या स्वराला चिकटला, पुढे 'मॅक' गळून पडला आणि 'क' तेवढा मागे राहिला. आयरिश आडनावांत हे नेहमीचं आहे. मॅक योही या नावाचं किओ झालं ते असंच. गेरॅटी या आडनावातला 'ग'ही 'मॅक'चाच उरलेला तुकडा आहे. तेव्हा कास्तिल्योच्या 'क'शी कॉस्टेलोच्या 'क'चं काही नातं नाही. ते दोन वेगळ्या वाटांनी आले.

उच्चारही तेच सांगतो. आयर्लंडात जुन्या वळणाने बोलताना जोर पहिल्या अक्षरावर पडतो: कॉस्-टलो. मधल्या 'टे'वर जोर देणारा उच्चार अमेरिकेत रुळला, आणि तो इटालियन, स्पॅनिश कानाला ओळखीचा वाटतो. फिरणारा मजकूर बहुधा त्या उच्चारावरच उभा आहे.

मग हा ऑस्देल्व कोण? तो स्पॅनिश नव्हता, तसा मुळात आयरिशही नव्हता. वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला पेम्ब्रोकशरमध्ये अँगल नावाचं गाव आहे. तिथलं 'दे अँग्युलो' हे नॉर्मन घराणं बाराव्या शतकातल्या स्वारीबरोबर आयर्लंडात आलं. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने ११७२ मध्ये पूर्वेकडचा मीथ प्रांत ह्यू द लेसीला दिला आणि द लेसीने नॅव्हनच्या आसपासची जमीन जॉसेलिन दे अँग्युलोला दिली. ऑस्देल्व हे याच जॉसेलिनच्या नावाचं आयरिश वळण मानलं जातं. त्याचा मुलगा गिल्बर्ट इंग्रज सत्तेशी बिघडल्यावर शॅनन नदीपार गेला आणि कॉनॉटचा (मेयो, गॉलवे ज्यात येतात तो पश्चिमेकडचा प्रांत) राजा कॅथल क्रोव्हदर्ग ओकॉनर याच्या पदरी राहिला. घराण्याचा मुक्काम कॉनॉटमध्ये पडला तो असा.

तारखा पाहिल्या की वाद जवळजवळ संपतो. ११९३ च्या नोंदीत आयरिश बखरी सांगतात की लॉक री सरोवरातलं इनिश क्लोरन बेट ऑस्देल्वच्या मुलांनी आणि कॉनर मेनमॉयच्या मुलांनी लुटलं. हे आरमाराच्या ३९५ वर्षं आधीचं. ही नोंद 'नॉर्मन घराण्याने घेतलेलं पहिलं मॅक आडनाव' म्हणून उद्धृत होते. तेवढं मात्र जपून म्हणावं, कारण तिथे 'मुलगे' हा शब्द अक्षरशः मुलगे या अर्थाने असू शकतो. पण १२१२ च्या सुमारास अर्न नदीवरच्या कील इश्केच्या किल्ल्यात गिल्बर्ट मारला गेल्याचं लिहिताना बखरकार त्याला मॅक कॉस्टेलोच म्हणतात. १२३५ मध्ये रिचर्ड द बर्गने कॉनॉट जिंकल्यावर माइल्स मॅक कॉस्टेलोला मेयोच्या पूर्वेचा स्लीव्ह लूआचा डोंगराळ मुलूख मिळाला. तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत आडनाव पक्कं झालेलं होतं.

मेयोत हे एकटं घराणं असं बदललं नाही. तिथल्या दे एक्सेटर नॉर्मनांचे मॅक जॉर्डन झाले आणि पुढे नुसते जॉर्डन. स्टॉन्टनांची एक शाखा मॅकएव्हिली झाली. दे अँग्युलोंची मीथमध्ये राहिलेली शाखा मात्र 'नँगल' या नावाने उरली. हे आडनाव आजही विरळ आहे आणि बहुतेक मीथ, वेस्टमीथ, डब्लिनच्या पट्ट्यात सापडतं. कॉर्कमधले नेगल त्याच मुळाचे. वॉरन हेस्टिंग्जवरचा महाभियोग चालवणाऱ्या एडमंड बर्कची आई मेरी याच नेगलांपैकी. कॉस्टेलो, नँगल आणि नेगल एकाच खोडाच्या फांद्या आहेत हे ध्यानात घेतलं, तर 'कास्तिल्यो' म्हणणाऱ्याला उरलेल्या दोन फांद्यांचाही हिशोब द्यावा लागेल.

'आरमाराचे खलाशी मेयो-गॉलवेत स्थायिक झाले'

१५८८ च्या शरद ऋतूत आयर्लंडच्या किनाऱ्यावर दोन डझनांच्या आसपास जहाजं गेली हे खरं. पण वाचलेल्यांचं काय झालं ते कागदोपत्री आहे, आणि ते लग्नाच्या गोष्टीसारखं नाही. लॉर्ड डेप्युटी, म्हणजे इंग्लंडच्या राणीचा आयर्लंडातला मुख्य प्रतिनिधी, विल्यम फिट्झविल्यमचा हुकूम स्पॅनिश लोक सापडतील तिथे मारण्याचा होता. कॉनॉटचा गव्हर्नर रिचर्ड बिंगहॅमने तो पाळला. गॉलवे शहरात सुमारे ३०० कैद्यांना मारण्यात आलं. मेयोच्या क्लेअर बेटाजवळ 'एल ग्रान ग्रिन' बुडालं, तिथे किनाऱ्याला लागलेल्यांना स्थानिक ओमॅलींनीच कापलं. ब्लॅकसॉड उपसागरात 'ला राता' अडकलं. त्यावरचा सेनानी आलोन्सो दे लेइवा माणसांसह दुसऱ्या जहाजावर चढला, तेही डोनेगलमध्ये फुटलं, आणि शेवटी 'जिरोना'वर अ‍ॅन्ट्रिमच्या किनाऱ्याशी तो बुडून मेला. स्लायगोच्या स्ट्रीडा वाळूवर एका दिवसात तीन जहाजं फुटली आणि हजारावर माणसं गेली.

वाचलेले कुठे गेले? उत्तरेत ओरूर्क आणि मॅक्लॅन्सी या सरदारांनी काहींना आसरा दिला. कॅप्टन फ्रान्सिस्को दे क्वेयार लॉक मेल्विनमधल्या मॅक्लॅन्सीच्या किल्ल्यात राहिला, पण तोही स्कॉटलंडमार्गे फ्लँडर्सला निघून गेला आणि ऑक्टोबर १५८९ मध्ये अँटवर्पहून त्याने आपल्या हालांचं पत्र लिहिलं. जिवंत राहिलेल्यांची नेहमीची वाट हीच: स्कॉटलंड, मग स्पॅनिश मुलूख. आसरा देणाऱ्या ब्रायन ओरूर्कला १५९१ मध्ये लंडनच्या टायबर्नवर फाशी झाली. त्याच्यावरच्या आरोपांत स्पॅनिशांना थारा दिल्याचाही आरोप होता. अशा धाकात स्पॅनिश आडनाव मिरवत गावं वसवणं जमलं असतं का, हा प्रश्न मजकूर पुढे पाठवणाऱ्याने स्वतःला विचारावा. एखाददुसरा मागे राहिला नसेलच असं नाही. पण त्याच्यापासून मेयोतलं अख्खं घराणं निघत नाही.

आता नकाशा उघडा. कॉस्टेलो या नावाची बॅरनीच आहे. बॅरनी म्हणजे काउंटीच्या आतला, साधारण तालुक्याएवढा जुना महसुली विभाग. ती मेयोच्या पूर्व कडेला आहे: बॅलीहॉनिस, किलकेली, चार्ल्सटाउन, आणि १८७९ मध्ये मेरीमातेचं दर्शन झालं असं मानतात त्यामुळे यात्रेचं ठिकाण झालेलं नॉक. या बॅरनीला समुद्र कुठेच लागत नाही. तिथल्या अर्लर सरोवराकाठी याच घराण्याने पंधराव्या शतकात डॉमिनिकन मठ बांधून दिला; त्याचे अवशेष उभे आहेत. बुडालेल्या जहाजांचे वंशज असते तर आडनावाचा दाट पट्टा किनाऱ्यालगत, एरिसपासून कॉनेमारापर्यंत दिसायला हवा होता. दिसतो तो उलट, दलदलीच्या आणि टेकड्यांच्या आतल्या प्रदेशात.

आणखी एक कागद: १५८५ चा 'कॉम्पोझिशन ऑफ कॉनॉट', म्हणजे जमीनदारांशी झालेला सारा-करार. मेयोतले मॅक कॉस्टेलो जमीनमालक त्या काळच्या सरकारी व्यवहारांत आधीच आहेत. १५८६ च्या सुमारास घराण्याच्या प्रमुखाने बराच मुलूख थिओबल्ड डिलनच्या हवाली केला. पुढे १६२२ मध्ये डिलनला मिळालेली पदवी होती 'व्हायकाउंट डिलन ऑफ कॉस्टेलो-गॅलन'. म्हणजे आरमार निघालं तेव्हा कॉस्टेलो जमीन कमावत नव्हते, गमावत होते.

'कॉनेमारात कॉस्टेलो गाव आहे'

आहे, पण त्याचं आयरिश नाव कास्ला. ते खाडीवरून पडलेलं आहे, माणसाच्या आडनावावरून नाही. इंग्रज मोजणीदारांनी ऐकू आलं तसं लिहिलं आणि ते ओळखीच्या आडनावासारखं दिसू लागलं. आयर्लंडात गावाच्या इंग्रजी नावावरून आडनावाचा इतिहास काढणं ही हमखास फसणारी रीत आहे. सरकारी स्थलनाम संग्रहात आधी आयरिश नाव पाहावं, मगच बोलावं.

'काळे केस म्हणजे स्पॅनिश रक्त'

उत्तर आयर्लंडात बॅलीनाहॅटीला सापडलेल्या एका नवाश्मयुगीन स्त्रीच्या जनुकांचा अभ्यास ट्रिनिटी कॉलेज डब्लिन आणि क्वीन्स युनिव्हर्सिटी बेलफास्टच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. ती सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची. तिचे केस काळे आणि डोळे तपकिरी असावेत असा निष्कर्ष निघाला. काळे केस आयर्लंडात आरमाराच्या हजारो वर्षं आधीपासून आहेत.

'डीएनए चाचणीत आयबेरिया येतो'

घरी नळीत थुंकून पाठवायची सर्वसाधारण चाचणी दोन्ही बाजूंच्या सगळ्या पूर्वजांचा एकत्र अंदाज देते. १५८८ चा माणूस आजच्या माणसापासून साधारण १४ पिढ्या मागे. चौदाव्या पिढीत पूर्वजांच्या जागा १६,३८४. त्यातल्या एका स्पॅनिश खलाशाचा सरासरी वाटा ०.००६ टक्के, बहुतेक वेळा तर त्याचा एकही तुकडा पोचलेला नसतो. अहवालातले ३ किंवा ५ टक्के 'आयबेरिया' त्याच्यामुळे येऊच शकत नाहीत. ते येतात कारण पश्चिम युरोपातल्या लोकांचे जनुकीय नमुने एकमेकांशी खूप जुळतात आणि कंपनीचा तुलना-संच बदलला की टक्केही बदलतात. अद्ययावत अहवालात आयबेरिया गायब झाल्याचा अनुभव अनेक आयरिश कुटुंबांना आहे.

आडनावाचा प्रश्न विचारायचा तर वाय-गुणसूत्राची चाचणी लागते, कारण ते आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. किमान ३७ खुणांची (मार्करची, म्हणजे गुणसूत्रावरच्या तुलनेच्या ठरावीक जागांची) चाचणी घ्यावी, एकाच गावातल्या नव्हे तर वेगवेगळ्या भागांतल्या कॉस्टेलो पुरुषांची, आणि जोडीला नँगल व नेगल पुरुषांचीही. दत्तक, विवाहबाह्य संबंध किंवा आईचं आडनाव लावणं यामुळे साखळी मध्येच तुटते. म्हणून एका माणसाच्या निकालावरून घराण्याबद्दल काहीच म्हणता येत नाही.

आडनावाचा पट्टा स्वतः कसा तपासावा

१. सगळी रूपं लिहून काढा. कॉस्टेलो हे शेवटी 'ई' जोडूनही लिहितात, विशेषतः लिमरिक, क्लेअर, गॉलवेकडे. एक 'ल', दोन 'ल', 'टे'च्या जागी 'टो' हेही भेटतात. प्रत्येक रूप वेगळं शोधा.

२. ग्रिफिथचं मूल्यांकन (१८४७ ते १८६४), म्हणजे कर बसवण्यासाठी केलेली जमिनी-घरांची सरकारी मोजदाद, पाहा. फुकट उपलब्ध आहे. त्यात घरातली माणसं नसतात, फक्त जमीन किंवा घर ज्याच्या ताब्यात तो. एकाच माणसाचे दोन तुकडे असतील तर तो दोनदा येतो. टाउनलँड (सर्वांत लहान जमीन-विभाग) आणि पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून पडलेला विभाग) जुळवून अशा नोंदी वगळा, नाहीतर आकडा फुगतो.

३. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेची कुटुंबवार पत्रकं राष्ट्रीय अभिलेखागाराने खुली केली आहेत. यादीवर थांबू नका, हस्तलिखित पत्रक उघडा; यादी करताना आडनावं चुकीची वाचली गेली आहेत. त्याआधीच्या जनगणना जवळपास संपल्याच: १८२१ ते १८५१ चे बहुतेक कागद जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातल्या अभिलेखागाराच्या स्फोटात आणि आगीत गेले, आणि नंतरच्या चार सरकारनेच नष्ट केल्या.

४. नुसती संख्या मोजू नका. डब्लिनमध्ये प्रत्येकच आडनाव जास्त दिसतं, कारण माणसंच जास्त. समजा एका काउंटीत ४०,००० कुटुंबं आणि त्यात ८० कॉस्टेलो, दुसरीत १,००,००० कुटुंबं आणि १०० कॉस्टेलो. पहिलीचं प्रमाण हजारी २, दुसरीचं हजारी १. आडनावाचं घर पहिली काउंटी, दुसरी नव्हे.

५. बॅरनीच्या पातळीवर मोजताना काउंटीची हद्द तपासा. बॅलाहड्रीनचा भाग १८९८ च्या कायद्याने मेयोतून रॉसकॉमनमध्ये गेला. ते विसरलं की १९०१ मध्ये कॉस्टेलो अचानक रॉसकॉमनला स्थलांतरित झाल्यासारखे दिसतात. माणसं हलली नाहीत, रेघ हलली.

६. मेयोतल्या बऱ्याच कॅथलिक पॅरिशच्या नोंदवह्या एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात, सर्वांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासून. त्यामुळे 'आमची वंशावळ १५८८ च्या खलाशापर्यंत जाते' असं कुणी म्हणालं, तर मधली सव्वादोनशे वर्षं कुठल्या कागदावर आहेत ते विचारा.

अमेरिकेतल्या कॉस्टेलोंबाबत मात्र वेगळी सावधगिरी हवी. विनोदी नट लू कॉस्टेलोचं जन्मनाव क्रिस्तिलो, वडील इटालियन. न्यूयॉर्कचा टोळीप्रमुख फ्रँक कॉस्टेलो हा कालाब्रियात जन्मलेला फ्रान्चेस्को कास्तिल्या. अमेरिकेबाहेरही आडनाव फसवतं: ब्रिटिश गायक एल्व्हिस कॉस्टेलोचं खरं आडनाव मॅकमॅनस. कॉस्टेलो त्याच्या पणजीकडचं. न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीतला पूर्वज असेल तर मेयोच्या नोंदी चाळण्याआधी त्याचे नागरिकत्वाचे कागद आणि जहाजाची प्रवासी यादी काढावी. तिथे जन्मगावाच्या रकान्यात कालाब्रियातलं गाव निघालं, तर आयर्लंडातला शोध तिथेच थांबतो.