पोट्ट्यांची नजर कुठं जाते?

गेल्या आठवड्यात पहिलीतल्या एका पोट्ट्यानं मोबाइलवरच्या कार्टूनमधला बैल पाहून विचारलं, "मॅडम, ह्या बैलाले वेसन काऊन नाही?" शेजारचा लगेच म्हणाला, "मंग थो मारते ना!" त्यानंतर वर्गात मारका बैल, सुटलेला गोऱ्हा, कोणाच्या आज्याले शिंग लागलं, हेच चालू राहिलं. 'ब'चं गाणं वाजून संपलं, कोणाला पत्ता नाही. त्यांच्या दारात रोज बैल बांधलेला असतो. पडद्यावरचा बैल त्यांना खोटा वाटला आणि ते त्यांनी अर्ध्या मिनिटात पकडलं.

तेव्हापासून 'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांचा टीव्ही कार्यक्रम उभा करणाऱ्या जोन गँझ कूनी या बाईंचं काम पुन्हा पुन्हा आठवते आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. अमेरिकेतल्या एका टीव्ही निर्मातीबद्दल मी एवढं लांब का लिहावं, असं कोणाला वाटेल. पण लहान मुलांसाठी टीव्हीवर काही करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला त्यांच्या कामातून जितकं कळलं तितकं आमच्या कोणत्याच प्रशिक्षणात कळलं नाही.

कूनी यांचा जन्म १९२९चा, ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरातला. शिक्षणशास्त्राची पदवी घेतली, पण वर्गावर गेल्या नाहीत. आधी वर्तमानपत्रात बातमीदार, मग न्यूयॉर्कला जाऊन टीव्हीच्या प्रसिद्धी विभागात नोकरी. १९६२ साली त्या तिथल्या शैक्षणिक वाहिनीत माहितीपट करायला लागल्या. गरिबीवरच्या त्यांच्या एका माहितीपटाला टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला. त्या कामात त्यांनी गरिबांच्या वस्त्या जवळून पाहिल्या. शाळेचं तोंड पाहण्याआधीच तिथली लेकरं मागं पडलेली असतात, हे त्यांच्या मनात बसलं.

१९६६च्या फेब्रुवारीत त्यांच्या घरी काही मंडळी जेवायला होती. त्यात कार्नेगी कॉर्पोरेशन या देणगी देणाऱ्या संस्थेचे लॉइड मॉरिसेट होते. त्यांची तीन वर्षांची मुलगी पहाटे उठून टीव्हीपुढं बसायची आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पडद्यावर दिसणारे नुसते पट्टे पाहत राहायची. त्यांनी विचारलं, टीव्ही लहान मुलांना काही शिकवू शकेल का? कूनी यांनी नोकरीतून काही महिने काढले, देशभर फिरून बालशिक्षणातल्या जाणकारांना भेटल्या आणि अहवाल लिहिला. १९६८ साली 'चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप' ही मुलांसाठी टीव्ही कार्यक्रम करणारी संस्था उभी राहिली. त्यासाठी कार्नेगी, फोर्ड फाउंडेशन आणि सरकारी शिक्षण खातं यांच्याकडून मिळून सुमारे ८० लाख डॉलर जमले. १० नोव्हेंबर १९६९ला 'सेसमी स्ट्रीट' सुरू झालं.

या संस्थेचं संचालकपदही कूनी यांना सहज मिळालं नाही. बाईमाणूस प्रमुख असेल तर लोक गंभीरपणे घेतील का, अशी शंका पैसा देणाऱ्यांतच काहींना होती. कूनी यांनी स्पष्ट सांगितलं की दोन नंबरच्या जागेवर मी येणार नाही. आमच्याकडं सरपंच बाई असते आणि खुर्चीवर तिचा नवरा बसतो. ते रोज पाहणाऱ्या मला त्यांचं हे ठाम राहणं फार मोठं वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते पुढच्या गोष्टीनं. एडवर्ड पामर नावाचे मानसशास्त्रज्ञ त्यांनी संशोधनाला घेतले. पामर मुलाला टीव्हीपुढं बसवायचे आणि टीव्हीच्या शेजारी दुसऱ्या पडद्यावर चित्रं लावून ठेवायचे. दर साडेसात सेकंदांनी चित्र बदलायचं. मुलाची नजर टीव्हीवरून त्या चित्रांकडं कधी वळते, याची नोंद व्हायची. नजर वळली की तो तुकडा कच्चा, पुन्हा करा. कार्यक्रम चांगला झाला की नाही, हे तीन-चार वर्षांचं पोर ठरवणार!

१९६९च्या जुलैत फिलाडेल्फियातल्या मुलांना नमुन्याचे भाग दाखवले. त्यात काही तुकडे बाहुल्यांचे होते, काही एका रस्त्यावरच्या खऱ्या माणसांचे. बाहुल्यांचे तुकडे मुलं डोळे लावून पाहत होती आणि रस्त्यावरची माणसं आली की नजर भटकत होती. तज्ज्ञांनी आधी बजावलं होतं की खरी माणसं आणि बाहुल्या एकत्र आणू नका, मुलं गोंधळतील. पोरांची नजर तज्ज्ञांच्या विरुद्ध गेली. मग बाहुल्या रस्त्यावर आल्या. आठ फुटांचा पिवळा 'बिग बर्ड' आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा 'ऑस्कर' हे दोघंही त्या दुरुस्तीतून जन्मले. तज्ज्ञांना मान देऊनही शेवटी लेकरांचं ऐकणारी संस्था उभी करणं हे मला त्या बाईंचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

दुसरं, तो रस्ता. काळी, गोरी, वेगवेगळ्या घरची माणसं, पायऱ्या, कोपऱ्यावरचं दुकान. ज्या मुलांसाठी कार्यक्रम होता त्यांच्याच मोहल्ल्यासारखा मोहल्ला. १९७० साली मिसिसिपी राज्याच्या टीव्ही आयोगानं काळी-गोरी माणसं एकत्र दिसतात म्हणून कार्यक्रम दाखवायलाच नकार दिला. लोकांनी ओरड केली आणि काही आठवड्यांत निर्णय फिरवावा लागला. पुढं सरकारी पैसा आटत गेला, तेव्हा पुस्तकं-खेळण्यांच्या उत्पन्नावर संस्था टिकवली. १९९०पर्यंत कूनी तिच्या प्रमुख होत्या. असं टिकवण्याचं काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आपल्याकडं शाळकरी मुलांसाठी टीव्ही कार्यक्रम बनवणारी पुण्याची 'बालचित्रवाणी' होती. ती २०१७ला बंद झाली, याचं मला आजही वाईट वाटतं. मी शिकले त्या शाळेत टीव्ही लाकडी पेटीत कुलूप लावून ठेवलेला असायचा. चावी कपाटात, कपाटाची चावी हेडमास्तरांकडं. वर्षातून चार-पाचदा पेटी उघडायची आणि तेवढ्यात लाइट जायची. २०२०च्या जुलैत शाळा बंद असताना सह्याद्रीवर शाळेच्या धड्यांची 'टिलीमिली' मालिका लागायची. मोबाइल फार थोड्या घरांत, पण छत्री असलेल्या एका घराच्या ओसरीवर पंधरा-वीस लेकरं येऊन बसायची. तोंडाला दुपट्टे बांधून. मी टीव्हीकडं कमी आणि त्यांच्या तोंडाकडं जास्त पाहत होते. एक मुलगी मला हळूच म्हणाली, "मॅडम, हे पोट्टे कोण्या गावचे होत?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. टीव्हीवरचं पोरगं कोणत्या तरी गावचं असतं, मग आपल्या गावचं का नसावं, एवढा साधा हिशोब तिच्या डोक्यात होता.

आमची भाषा टीव्हीवर येते, नाही असं नाही. एका वाहिनीच्या कार्यक्रमात आमच्यासारखं बोलणारा माणूस होता, त्याचं काम फक्त लोकांना हसवणं. माझ्या वर्गातला एक मुलगा तो पाहून दुसऱ्या दिवशी मला विचारत होता, "आपण असं बोलतो म्हून हासतेत का?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. 'काऊन', 'करून राह्यलो' म्हणणारं लेकरू हुशार असतं, प्रश्न विचारतं, मोजतं, भांडण मिटवतं, असं एकदा तरी पडद्यावर दिसलं पाहिजे. २००६ साली 'सेसमी स्ट्रीट'चा भारतीय अवतार 'गली गली सिम सिम' हिंदीत आला, तेव्हा त्यात शाळेचा गणवेश घातलेली चमकी होती. आपल्या देशातली पोरगी त्या गल्लीत आली. ती पऱ्हाटीच्या धुऱ्यावरून, म्हणजे कापसाच्या बांधावरून, चालत यायला कोणाची हरकत असेल?

कापूस वेचणीच्या दिवसांत आया पहाटेच वावरात जातात. धाकटं लेकरू धुऱ्यावर पाळण्यात, त्याच्या हातात मोबाइल. तो मोबाइल जे दाखवतो ते बनवणाऱ्यानं आमच्या पोराच्या तोंडाकडं एकदाही पाहिलेलं नसतं. मी आयांना दोष देत नाही. ओझं वाहून आलेल्या बाईनं लेकराला खेळवावं तरी कधी? माझं भांडण बनवणाऱ्यांशी आहे.

म्हणून या दिवाळीपासून आम्ही फोनवर दोन-दोन मिनिटांचे तुकडे करतो आहोत. आठवीतल्या मुली शूटिंग करतात. एकीची आजी सरकीचे दाणे मोजते, आमच्याच बोलीत. तुकडा झाला की अंगणवाडीच्या लेकरांना ओसरीवर दाखवायचा, बाजूला कोंबडी पिल्लं घेऊन फिरत असते. नजर पिल्लांकडं गेली की वहीत खूण. आजी मोजत होती तोवर एकही खूण नव्हती. मी मध्ये येऊन 'पाहा मुलांनो' म्हणत समजावायला लागले, तिथं नऊपैकी सात जण पिल्लांकडं वळले. तो भाग आम्ही काढून टाकला.

ज्यांच्या घरी तीन ते सहा वर्षांचं लेकरू आहे, वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणारं, त्यांनी मला इनबॉक्समध्ये लिहा. तुकडा पाठवते. तुम्ही टीव्हीकडं पाहू नका. लेकराकडं पाहा आणि नजर कुठं हलली ते सांगा.