अण्णांचा कोपऱ्यावरचा गाळा

बालेवाडीत आमच्या चौकात संध्याकाळी सातनंतर जो कट्टा भरतो, त्याचं अध्यक्षपद अण्णांकडे आहे. वयामुळे नव्हे. आम्ही ज्या पायऱ्यांवर बसतो, त्या त्यांच्या बिल्डिंगच्या आहेत.

शनिवारी त्यांनी विषय काढला. खालचा कोपऱ्यावरचा गाळा रिकामा होतोय, मोबाइलवाल्याने नोटीस दिलीय. मागायला दोघं आलेत. एक कॉफीची कंपनी. नाव सांगितलं तर शेंबडं पोरही ओळखेल, म्हणून सांगत नाही. दुसरी मागणी कट्ट्यावरच बसली होती. आमच्या वहिनी. त्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत मेस चालवतात आणि आयटीतली निम्मी पोरं त्यांच्या डब्यावर जगतात.

"कंपनी किती देती?" शेठने थेट विचारलं. शेठचं पलीकडे किराण्याचं दुकान आहे, आकडा ऐकल्याशिवाय त्याला चर्चेत रस येत नाही.

"वहिनींच्या दुपटीच्या वर," अण्णा म्हणाले आणि चहाकडे बघत बसले.

नागपूरकर उसळलाच. हा बारा वर्षांपूर्वी हिंजवडीत नोकरीला आला आणि आता याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. "काऊन अण्णा, अजून एक कॉफीचं दुकान? बाणेर रोडनं हाय स्ट्रीटपर्यंत चालत जा. तेच बर्गर, तोच पिझ्झा, तीच काचेची दारं. गुडगावात गेलो तं तेच, हैदराबादेत गेलो तं तेच. मंग मी पुण्यात राहतो कशाला?"

"नोकरीसाठी," अण्णा म्हणाले.

"तसं नाही हो. गावाची काही चव असते की नाही?"

"कुठल्या गावाची?" शेठला मुद्दा सापडला. "तू आत्ता पितोयस तो चहा बघ. फ्रँचायझीचा आहे. असाच्या असा तुला भोसरीतही मिळेल. आणि अमृततुल्य हे पुण्याचं म्हणून तू मिरवतोस ना, ते चालवणारी मूळ मंडळी आमच्या राजस्थानातून आलेली. डेक्कनचं गुडलक १९३५ चं, इराण्याचं. तुझा रविवारचा मसाला डोसा उडप्याचा. त्या त्या वेळी ही सगळी बाहेरचीच होती."

"ते एकेक मालकाचं दुकान होतं बे. साखळी नव्हती."

"आणि चितळे? जोशी वडेवाले? येवले? मराठी माणसाने दहा शाखा काढल्या की उद्योजक, दुसऱ्याने काढल्या की आक्रमण?"

शेठचं हे बोलणं मला अर्धंच पटतं. मालक कुठल्या जातीगावाचा हा प्रश्न नाहीच. बाकरवडी कारखान्यात होते हे चितळ्यांनी कधी लपवलं नाही, आणि ती कोथरूडात आणि कॅम्पात एकसारखी लागते म्हणूनच आपण ती अमेरिकेला जाणाऱ्या भाच्याच्या बॅगेत भरतो. एकसारखेपणाची आपल्याला मुळीच ॲलर्जी नाही. मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये भारतात आलं, त्यांनाही बीफ बाजूला ठेवून आलू टिक्की तळावी लागली. चवीच्या बाबतीत गिऱ्हाईक इतकं दुबळं कधीच नव्हतं. गाळा कुणाला मिळतो, तिथं मात्र गिऱ्हाइकाला कुणी विचारत नाही.

हे मी बोलून दाखवलं आणि वकीलसाहेबांना तोंड फुटलं. एरवी ते फक्त शेंगदाणे खातात.

"पेठेतली जुनी हॉटेलं टिकली ती नुसती चवीवर टिकली असं तुम्हाला वाटतं? मालकीची जागा, नाहीतर आजोबांच्या काळातलं भाडं. जुन्या भाडेकरूला कायद्याचं संरक्षण, वाढ नावापुरती. त्या भाड्यात कुणीही चाळीस वर्षं तीच मिसळ त्याच टेबलावर देऊ शकतो. इथं बालेवाडीत जुनं भाडं नावाची गोष्टच नाही. सगळं लीव्ह अँड लायसन्स. मुदत संपली की बाहेर."

"मग कंपनी कशी टिकते?"

"टिकत नाही, परवडवते. आणि घरमालकाला कंपनीच का आवडते? १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा बघा. बँका, सरकारी कंपन्या, बहुराष्ट्रीय कंपन्या, आणि ज्यांचं भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी किंवा जास्त आहे अशा कंपन्या, यांना तो लागूच नाही. त्यामुळे ही कंपनी भाडेकरू म्हणून उरावर बसेल अशी भीतीच नाही. शिवाय भाडं एक तारखेला बँकेत, करार नोंदणीकृत, दरवर्षीची वाढ लिहिलेली. वहिनी काय देणार? दर महिन्याला अण्णांच्या हातात पाकीट."

"गूगल पे करते मी," वहिनी म्हणाल्या. तोवर त्या एवढंच बोलल्या होत्या.

आता अण्णांना बोलावंसं वाटलं. त्यांच्या बोलण्यातला अर्धा राग कॉफीवर होता, अर्धा आमच्यावर.

"तुम्ही समदे इथं आल्यावर हे गाव गाव राहिलं नाही म्हणून रडता. १९९७ ला आम्ही कार्पोरेशनात गेलो, त्याच्या आधी इथं ज्वारी व्हती. क्रीडा संकुल झालं, ९४ ला नॅशनल गेम झाल्या, तवा पयल्यांदा एवढा मोठा रस्ता बघितला. मग आयटी पार्क आलं आन् दारात एजंट. माझ्या चुलत्यानं गुंठ्यानं इकली. गाडी घेतली, सोनं घातलं, दोन वर्षं गुंठामंत्री म्हणून मिरवला. आज त्याचं पोरगं माझ्याकडं सुपरवायझर हाये. मी इकली नाही. बिल्डरबरोबर रेशोत गेलो, वाटणीला हे गाळे आले. आता ह्यातनं मिळंल ते भाडं, तीच माझी ज्वारी. ती मी कमी भावानं का घालू? कुणासाठी?"

यावर कुणाकडेच पटकन उत्तर नव्हतं. नागपूरकराने मगरपट्ट्याचं उदाहरण काढून पाहिलं. हडपसरला सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जवळपास ४०० एकर जमीन एकत्र केली, विकून मोकळी न होता स्वतःच्या कंपनीत भागधारक झाली आणि स्वतःचं शहर उभं केलं. अण्णांनी मान हलवली. "ते मगर एका भावकीतले, एका शब्दातले. आमच्यात बांधावरून तिसरी पिढी कोर्टात हाये." आणि तरी, मगरपट्ट्यात तरी काय वेगळं आहे? शेजारीच मॉल आहेत आणि मॉलमध्ये तेच फूड कोर्ट. जमीन कुणाची राहिली एवढा फरक पडतो. फरक मोठा आहे, पण पानात काय पडणार हे त्याने ठरत नाही.

मग गाडी नेहमीच्या रुळावर गेली: पाणी, रस्ता, पार्किंग. बाणेर-बालेवाडीत हा विषय निघाला की माणसाचं वय कळतं. जुने रहिवासी २०१६ ची आठवण काढतात, जेव्हा उच्च न्यायालयाने पाणीच नाही तर नव्या बांधकामांना परवानगी कसली देता, असं म्हणून इथल्या परवानग्या थांबवल्या होत्या. नवे रहिवासी टँकरचं बिल दाखवतात. वाकडला जाणारा मुळेवरचा पूल उभा राहिला आणि बालेवाडीकडचा जोडरस्ता भूसंपादनात अडकला. नदीवर पूल, पुलाला रस्ता नाही, असं दृश्य आम्ही वर्षानुवर्षं पाहिलं. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला, तेव्हा तो पुरता जुनाही झाला नव्हता. आणि या सगळ्यात हॉटेलं मात्र वेळेवर उघडतात. उद्घाटनाच्या दिवशी व्हॅलेवाला हजर, गाड्या सायकल ट्रॅकवर, फ्रंट मार्जिनमध्ये, म्हणजे बिल्डिंगपुढे मोकळ्या ठेवायच्या जागेत, पत्र्याचं शेड आणि शेडमध्ये टेबलं.

"माझा राग कॉफीवर नाहीये," मी म्हटलं. "व्हॅलेवर आहे."

"३० जून २०२१ ला तेवीस गावं एका फटक्यात महापालिकेत घेतली," वकीलसाहेब म्हणाले. "सूस, म्हाळुंगे त्यातलीच. तिथं बघा, आधी टॉवर, मग पिझ्झा, मग टँकर. ड्रेनेज सगळ्यात शेवटी."

शेठला आपलं दुःख मांडायचं होतं, ते त्याने थोडक्यात मांडलं. डीमार्टला तो घाबरत नाही. "डीमार्टला माणूस महिन्यातून एकदा जातो, रांगेत उभा राहतो, कंटाळतो. मधल्या दिवसांत कोथिंबीर, अंडी, ब्रेड माझ्याकडून. आता ते दहा मिनिटांत घरपोच देणारे ॲपवाले आले आणि नेमके मधले दिवसच घेऊन गेले." आणि त्यांच्या डार्क स्टोअरला कोपऱ्यावरचा गाळा लागतच नाही, हेही त्यानेच सांगितलं. मागच्या बाजूचं गोडाऊन पुरतं, पाटीसुद्धा नको. रस्त्यावरून दिसणं ही ज्याची मिरवायची गोष्ट होती त्या शेठला हे फार लागलंय.

हे ऐकून वहिनींनी डब्याची पिशवी खाली ठेवली.

"अण्णा, एक विचारू का? त्या कोपऱ्यावरच्या गाळ्याला चिमणी काढता येईल?"

"चिमणी?"

"धुराडं हो. मी रोज अडीचशे पोळ्या लाटते, दोन भाज्या, आमटी. फोडणी पडली की धूर जायला वाट पाहिजे. तो गाळा रस्त्याकडे, वर बाल्कन्या. पाइप न्यायचा कुठून?"

"सोसायटीची एनओसी लागेल," वकीलसाहेब म्हणाले.

"तेच म्हणते मी. मागच्या वर्षी इथं मच्छी फ्राय उघडलं होतं. चार महिन्यांत बंद. वास येतो म्हणून सोसायटीने अर्ज केला होता." त्या नागपूरकराकडे वळल्या. "भाऊ, अर्जावर पहिली सही कुणाची होती?"

नागपूरकर चहाच्या कपात डोकावला. "एक्झॉस्ट थेट आमच्या बेडरूममध्ये यायचा, वहिनी. लहान लेकरू घरात."

"मी नाव ठेवत नाही हो तुम्हाला. मलाही आला असता राग. पण कॉफीला फोडणी नसते. तुम्ही वरचे लोक रोज संध्याकाळी इथं बसून गावची चव पाहिजे म्हणता, आणि तुमच्या मजल्याखाली फक्त वास न येणारी दुकानं टिकतात. केक, कॉफी, मोबाइल, सलून, पिझ्झाचा ओव्हन. बिल्डरने खाली गाळे काढले, पण स्वयंपाकघराचा धूर वर न्यायला शाफ्ट ठेवलेला नाही. मग कंपनीच येणार. त्यांचा माल तयार होऊन येतो, इथं फक्त गरम करतात."

मी बालेवाडीच्या विकासावर बरंच वाचलंय, बैठकांना गेलोय, पण शाफ्टबद्दल कुणी बोललेलं मला आठवत नाही.

"मंग तुला गाळा नको का?" अण्णांनी विचारलं. त्यांच्या आवाजात सुटका होती आणि थोडी निराशाही.

"नको कसा? पण कोपऱ्यावरचा नको. पार्किंगच्या बाजूला तुमचं गोडाऊन आहे ना, जिथं ग्रिलच्या सळया पडल्यात? तिथून लिफ्टच्या मागनं पाइप सरळ गच्चीवर जातो, मी प्लंबरला दाखवलंय. माझं निम्म्याहून जास्त काम डब्याचं आणि ॲपचं. गिऱ्हाईक माझ्या दारात येतच नाही, मला दर्शनी भागाचं भाडं कशाला? ॲपवाला कमिशन घेतो ते वेगळं."

"आन् पाटी?"

"पाटी म्हाळुंग्याला लावीन. तिथं दुसरं किचन घ्यायचं चाललंय. भावजय सांभाळणार. पोळ्या इथंच लाटायच्या, भाज्या तिथं."

शेठ खो खो हसायला लागला. "घ्या! वहिनींची साखळी!"

"दोन दुकानांची कसली आलीय साखळी?"

"सगळ्या दोनपासूनच सुरू होतात."

त्यानंतर पाऊण तास जी चर्चा झाली तिच्यात गावाची चव, संस्कृती, जागतिकीकरण यांपैकी काहीही नव्हतं. गोडाऊनला कमर्शियल मीटर आहे की नाही. गॅसची बाटली आत ठेवायची की बाहेर जाळीत. तेलकट पाणी ड्रेनेजला जाण्याआधी ग्रीस ट्रॅप कुणाच्या खर्चाने. अण्णा सहा महिन्यांच्या अनामतीवर अडून बसले, वहिनी तीनवर. चिमणीचा पाइप मालकाने बसवून द्यायचा, पंखा भाडेकरूचा, इथं दोघं आले. करार पाच वर्षांचा आणि रजिस्टर्ड असावा हा आग्रह वहिनींचा होता, अण्णांचा नाही. वकीलसाहेबांनी शेंगदाण्यांचा कागद खिशात घातला आणि एनओसीचा मसुदा मोबाइलवर टाइप करायला घेतला.

कॉफी कंपनीची माणसं मंगळवारी कोपऱ्यावरच्या गाळ्याचं माप घ्यायला येणार आहेत. त्यांना फ्रंट मार्जिनमध्ये टेबलं मांडू द्यायची नाहीत, असं करारात घालायला अण्णा तोंडी तयार झालेत. नागपूरकराने वहिनींच्या अर्जाला हो म्हटलं, पण पाइप नेमका कुठल्या भिंतीवरून जाणार हे त्याने दोनदा विचारून घेतलं.